१९९५ साली बातमी तुमच्यापर्यंत कशी पोचली?

धागाकर्ता

१९९५ मध्ये राज्यात शिवसेना-भाजप युतीचं पहिलं सरकार आलं, मोरारजीभाई गेले, सचिनचं लग्न झालं. ३१ जुलैला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन लावला. १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने मोजक्या महानगरांत इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं. आणि २१ सप्टेंबरला गणपती दूध प्यायला, म्हणजे मूर्तीच्या सोंडेला लावलेलं चमच्यातलं दूध मूर्ती पिते अशी बातमी देशभर पसरली. हे शेवटचं आठवत नाही असा त्या वयाचा माणूस मला अजून भेटलेला नाही. इंटरनेट आलंय हे मात्र तेव्हा आमच्या अख्ख्या वाड्यात कुणाच्या गावीही नव्हतं. म्हणून नुसतं काय घडलं ते लिहू नका, ते पेपरात आहेच. तुमच्यापर्यंत ते कसं आलं, ते लिहा. शेजाऱ्यांच्या फोनवर, रेडिओवर, दूधवाल्याकडून, कसंही.

इचलकरंजीकर

वडिलांचा एसटीडी बूथ (परगावी फोन लावायचं दुकान) होता, स्टँडसमोर. पिवळी पाटी, काचेची केबिन, आत पंखा नाही. धंदा खरा रात्रीचा. अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून पावणेअकरापासूनच माणसं बाकावर येऊन बसायची, डोळे घड्याळाकडे. सकाळी पूर्ण दरात कुणी फोन लावला की समजायचं, घरात कुणीतरी गेलंय नाहीतर जन्मलंय.

२१ सप्टेंबरला गुरुवार होता. साडेनऊच्या सुमारास कापडाचा एक व्यापारी धापा टाकत आला आणि अहमदाबाद लावून मागितलं. त्याच्यामागे दुसरा, मग रांगच. मी बाहेर बसून पावत्या फाडतोय, मीटरवरचे लाल आकडे पळतायत आणि आतला माणूस ओरडतोय, "अगं, वाटीने नव्हे, चमच्याने! सोंडेला टेकव!" एरवी आकडा बदलायच्या आत रिसीव्हर आपटणारी हीच माणसं. पितृपक्ष असल्यामुळे बाजार थंड होता, आमचाच गल्ला तेजीत. दुपारी तर दिल्लीची लाइन मिळेनाशी झाली.

वडील देवभोळे, पण देवळात गेले नाहीत. म्हणाले, गिऱ्हाईक सोडून कुठे जाऊ? आई गेली आणि परत येऊन एवढंच म्हणाली, "प्यायला." त्यावर आमच्याकडे चर्चा झाली नाही.

निवृत्त बाई, सातारा

त्या दिवशी माझा दहावीचा वर्ग अर्धा रिकामा. जी पोरं आली होती त्यांचंही चित्त थाऱ्यावर नव्हतं. शेवटी शिपाईमामांच्या घरून वरवंटा मागवला. चमचा काठोकाठ भरून वरवंट्याच्या कडेला टेकवला, किंचित कलता. दूध गेलं! वर्गात एकच गलका. मग दुधात कुंकू कालवलं. या वेळी वरवंट्यावरून खाली उतरलेला लाल ओघळ पोरांनी बोटं लावून पाहिला. दूध पृष्ठताणामुळे दगडाकडे ओढलं जातं आणि पातळ थर होऊन खाली वाहतं. पांढऱ्या संगमरवरावर तो थर दिसणार कुठून? दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनीही दुधात रंग घालूनच हे दाखवलं. अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते आमच्या भागात तेच समजावत फिरत होते.

संध्याकाळी एक पालक भेटायला आले. शांतपणे म्हणाले, "बाई, वरवंट्यात पण देव असतोच की." आता यावर कुठला प्रयोग करून दाखवू?

सातासमुद्रापार

लंडन. पहाटे पाचला फोन वाजला. अशा वेळी घरून येणारा फोन म्हणजे एकच बातमी, त्यामुळे मी रडायच्या तयारीनेच उचलला. तर डोंबिवलीच्या वहिनी! "झोपलात काय, मूर्ती आहे ना घरात? दूध पाजून बघा." दुपारी साउथॉलच्या देवळाबाहेर रांग लागली होती आणि आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातलं दूध संपलेलं.

धागाकर्ता

लंडनला पहाटेचे पाच म्हणजे आपल्याकडे साडेनऊ. म्हणजे इचलकरंजीत तो व्यापारी धापा टाकत होता त्याच सुमाराला! आणि पुढारलेले म्हणतात, अफवा पसरायला व्हॉट्सअ‍ॅप लागतं. असो, दूध आता पुरे. इतर येऊ द्या.

फौजीची लेक

२० ऑगस्टच्या पहाटे फिरोजाबादजवळ कालिंदी एक्स्प्रेस जनावराला धडकून थांबली आणि मागून आलेली पुरुषोत्तम एक्स्प्रेस तिच्यावर आदळली. साडेतीनशेच्या वर माणसं गेली. आम्ही आग्र्याला छावणीत राहायचो. बाबा कामासाठी कानपूरला गेले होते आणि त्याच दिवशी परतणार होते, कुठल्या गाडीने ते आईला ठाऊक नव्हतं. शेजारच्या सुभेदार काकांनी रेडिओ आणून आमच्या ओट्यावर ठेवला. काकू मला आणि भावाला त्यांच्याकडे घेऊन गेल्या, पण तिथूनही बातम्या ऐकू येतच होत्या. बाबा दुपारी बसने आले. त्यांना अपघाताचं वाटेत कळलं होतं.

खटावला आजीला तार केली, "सुखरूप". आमच्या गावात तार म्हणजे मरण. पोस्टमन दारात दिसताच आजीने हंबरडा फोडला, आळी जमली, आणि बराच वेळ तार उघडायला कुणी तयार होईना. त्या तारेचा राग आजीने बाबांवर शेवटपर्यंत धरला.

गुहागरकडचा

निवडणुकीत एन्रॉन कंपनीचा आमच्याकडचा दाभोळ वीज प्रकल्प अरबी समुद्रात बुडवायच्या घोषणा ऐकून आमचे कान किटले होते. ३ ऑगस्टला मुख्यमंत्री मनोहर जोशींनी विधानसभेत प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. आम्हाला ते सातच्या बातम्यांत कळलं. अंजनवेल-वेलदूरकडे आंदोलनात उतरलेली माणसं खुशीत होती, आणि कर्ज काढून डंपर घेतलेला माझा मामा त्या रात्री जेवला नाही. जानेवारीत सरकारने सुधारलेला करार मान्य केला तेव्हा मामा जेवला, बाकीचे जेवले नसतील.

आकाशवेडा, पुणे

२४ ऑक्टोबरचं खग्रास सूर्यग्रहण! लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस होता. फराळाचे डबे घेऊन आम्ही राजस्थानात नीम का थानाला गेलो. तिथे खग्रास स्थिती पुरती मिनिटभरही नव्हती, पण तेवढ्यासाठी अख्खी दिवाळी सोडली याचं आजही वाईट वाटत नाही. साडेआठच्या आसपास उन्हाचा पिवळेपणा उतरू लागला, सावल्यांच्या कडा धारदार झाल्या, अंगावर गारवा आला. मग क्षणभर हिऱ्याची अंगठी, काळं बिंब, भोवती पांढरं प्रभामंडळ आणि बाजूला चक्क शुक्र. गावातली बरीच घरं दारं लावून बसलेली. एक आजोबा मात्र आमच्यात येऊन बसले, चष्मा मागून घेतला आणि परत द्यायचं नाव नाही. बातमीचं म्हणाल तर आम्हाला तारीख कित्येक वर्षं आधीपासून पाठ होती. या वर्षातली एवढी एकच बातमी वेळेआधी आली!

सोलापूरची सून

त्याच ग्रहणाला मला सातवा महिना होता. सासूबाईंनी पाण्यावर, पिठावर तुळशीपत्रं ठेवली आणि मला आतल्या खोलीत बसवलं. चिरायचं नाही, शिवायचं नाही, खिडकीकडे बघायचं नाही. पण टीव्ही त्याच खोलीत होता आणि दूरदर्शन ग्रहण थेट दाखवत होतं. सासूबाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "टीव्हीतलं चालत असेल." दोघींनी मिळून सगळं बघितलं. बाहेर "दे दान, सुटे गिऱ्हाण"चा ओरडा चाललेला, आणि पडद्यावर बिंब काळं झालं तेव्हा सासूबाईंनी टीव्हीलाच हात जोडले.

गिरगावातला

आमच्या मालकांनी मोबाइल घेतला. येणाऱ्या फोनलाही पैसे पडत, म्हणून तो नंबर कुणालाही द्यायचा नाही, अशी आम्हाला ताकीद. ते खिशात फोन घेऊन समोर बसलेले असत आणि निरोप द्यायला आम्ही त्यांच्या टेबलापाशी जायचो. त्यात बॉम्बेचं मुंबई झालं, कोरे लेटरहेड गठ्ठ्याने रद्दीत. शाहरुखचा दिवाळीत मराठा मंदिरला लागलेला 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' बघायला मिळेल म्हणून मी लवकर सुटायची खटपट केली, मिळालं नाही. पुढे काही बिघडलं नाही म्हणा, तो तिथून उतरतोय कशाला!

रात्रपाळी

पुरुलियाचं कुणीच कसं लिहिलं नाही? १७ डिसेंबरच्या रात्री बंगालात पुरुलियावर विमानातून रायफली आणि काडतुसं टाकली. तेच विमान काही दिवसांनी आपल्या हद्दीतून जाताना मुंबईला उतरायला लावलं. शस्त्रांचा ब्रिटिश दलाल पीटर ब्लीच आणि लॅटव्हियाचे पाच जण सापडले, कटाचा सूत्रधार किम डेव्ही पसार झाला. त्या रात्री मी विमानतळावर सामानाच्या कामाला होतो. पलीकडे गाड्यांची धावपळ दिसत होती, पण मुकादमाने सांगितलं, आपण आपल्या ट्रॉल्या बघाव्यात. आम्ही बघितल्या. नंतर बायकोने पेपरातून सगळं मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "तुम्ही होतात ना तिथे?"