जनुक ‘वाढते’ म्हणावे का?

प्रश्न : स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर रेडिएशनचा काय परिणाम होतो, यावरचा एक लेख मराठीत आणते आहे. काही जनुके ‘अपरेग्युलेट’ होतात, काही ‘डाउनरेग्युलेट’. सरळ ‘वाढतात’, ‘घटतात’ लिहू का?

प्रतिसाद : नको. वाचणाऱ्याला वाटेल, दोनाची चार जनुके झाली. संख्या तीच राहते, जनुकावरून निघणाऱ्या आरएनएच्या, म्हणजे प्रथिन बनवायच्या निरोपाच्या, प्रती वाढतात. ‘अभिव्यक्ती वाढते’ हे रूढ आहे. मला ते कवितासंग्रहाच्या प्रस्तावनेतले वाटते, म्हणून मी ‘जनुक अधिक सक्रिय होते’ लिहितो.

प्रतिसाद : ‘जनुकांवर परिणाम’ हेही मोघमच. किरणांनी डीएनए तुटतो. १ ग्रे (शोषलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रेला एका पेशीत दोन्ही धागे एकदम तुटल्याच्या साधारण ४० जागा होतात. त्या चुकीच्या सांधल्या गेल्या तर उत्परिवर्तन, म्हणजे डीएनएचा मजकूरच बदलतो. नियमनात (तुमच्या ‘अपरेग्युलेट’, ‘डाउनरेग्युलेट’मध्ये) मजकूर बदलत नाही, कोणते पान उघडायचे तेवढे पेशी ठरवते. लेखात या दोन्हींना ‘जनुकीय बदल’ म्हटलेत तर गोंधळ होणारच.

प्रश्नकर्ती : मग ‘किरणांमुळे पी५३ जनुक सक्रिय होते’ बरोबर ना?

प्रतिसाद : इथेच गंमत आहे! पी५३ हे बिघडलेल्या पेशीला आवर घालणारे प्रथिन. एरवी पेशी ते बनवते आणि एमडीएम२ नावाचे दुसरे प्रथिन लगेच त्याची विल्हेवाट लावते. डीएनए तुटला की एटीएम नावाचे विकर पी५३वर खूण करते, विल्हेवाट थांबते आणि प्रथिन साठते. जनुकाचे वाचन फारसे बदललेले नसते. म्हणून ‘पी५३ प्रथिन साठते’ लिहा. ते पुढे पी२१ चे जनुक खरोखर सक्रिय करते आणि पेशीचे विभाजन अडते. पेशी कोणत्या, तेही गाळू नका. एमसीएफ-७ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्तन-कर्करोगाच्या पेशींत पी५३ धड आहे, एमडीए-एमबी-२३१ या तशाच दुसऱ्या पेशींत ते उत्परिवर्तित आहे, त्यामुळे तिथे ही साखळी अशी चालत नाही. नुसते ‘कर्करोगाच्या पेशींत’ लिहिलेत तर विधान चुकेल.

प्रश्नकर्ती : आणि रेडिएशनला ‘किरणोत्सर्ग’?

प्रतिसाद : उपचाराला ‘किरणोपचार’च. ‘किरणोत्सर्ग’ म्हटले की लोकांना चेर्नोबिल आठवते. पेशंटच्या घरचे ‘शेक’ म्हणतात. रुग्णांसाठीच्या पत्रकात तो कंसात टाकायला हरकत नाही, तुमच्या लेखात नको.