जुनं बेसिन गळतंय, पण बदलायचं नाहीये. कमी खर्चात काय करता येईल?

जुनंतेसोनं:
मंडळी, सल्ला हवाय. घरात फार जुनं, जाड चिनी मातीचं बेसिन आहे. दोन बाजूंना दोन पितळी नळ, मधे साखळीचं बूच. ते काढायला मन होत नाही, आणि खरं सांगायचं तर नवीन घ्यायची सध्या ऐपतही नाही. तक्रारी दोन. एक, डावा नळ कितीही आवळला तरी ठिबकतो. दुसरी, बेसिनच्या खालूनही गळतं आणि तिथे ठेवलेल्या बादलीत पाणी जमतं. प्लंबरने वाकून एकदा बघितलं आणि "सगळं काढून नवीन बसवा" म्हणून मोकळा झाला. माझ्याकडे एक पाना, पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर आहे. यात काही जमेल का?

पानापक्कड:
जमेल. पण हे दोन वेगळे आजार आहेत, एकत्र धरू नका. आधी खालची गळती शोधा, तोवर काहीही विकत आणू नका.

खालचे सगळे पाइप फडक्याने कोरडे करा, जमिनीवर वर्तमानपत्र पसरा, ठिबकणाऱ्या नळाखाली भांडं धरा. नळ न वापरताच कागद भिजला तर दोष नळाकडे येणाऱ्या पाइपात किंवा अँगल कॉकमध्ये (भिंतीपाशी पाणी बंद करायचा छोटा नळ). कोरडा राहिला तर बूच लावून बेसिन अर्धं भरा आणि वाट बघा. भरलेलं असतानाच गळलं तर बेसिनला तडा असेल किंवा तळाच्या जाळीभोवतीची पुट्टी गेली असेल. बूच काढल्यावरच गळलं तर जाळीखालचा वायसर नाहीतर ट्रॅप (खालचा वळणाचा पाइप). पाण्यात थोडी शाई टाकली की थेंब कुठला ते लगेच कळतं.

चिनीमाती:
शाई नका टाकू! जुन्या बेसिनच्या चकाकीवर केसाएवढ्या भेगांचं जाळं असू शकतं, त्यात रंग शिरला की निघत नाही. साबणाचा दाट फेस करा. खाली आलेला थेंब बोटांना बुळबुळीत लागला तर बेसिनमधलं पाणी, नुसता पाण्यासारखा लागला तर नळाच्या पाइपातलं.

झटपट_उपाय:
एवढा उपद्व्याप कशाला? बाहेरून एमसील थापा, काम फत्ते.

पानापक्कड:
@झटपट_उपाय, आट्यांच्या जोडावर एमसील थापलं की तो जोड पुन्हा धड उघडत नाही. पुढच्या वेळी पाइप कापावा लागतो, म्हणजे वाचवलेले पैसे दामदुपटीने जातात. एखाद्या छिद्राला तात्पुरतं ठीक, तेही पाइप खडखडीत कोरडा असेल तर.

जुनंतेसोनं:
केलं सगळं. कागद कोरडा राहिला, भरलेल्या बेसिननेही दम धरला. बूच ओढलं आणि जाळीखालच्या मोठ्या नटाच्या आट्यांवरून धार लागली. बुळबुळीतच आहे.

पानापक्कड:
छान, म्हणजे तडा नाही. बहुतेक जुन्या बेसिनमध्ये वरच्या भोकातून जादा पाणी आतल्या पोकळीत उतरतं आणि जाळीच्या नळीला असलेल्या खाचांतून आत जातं. याच खाचांतून पाणी उलटं बाहेर येऊन आट्यांवरून खाली उतरतं. म्हणून वरून कितीही पुट्टी भरली तरी खालून गळतंच. खरा पहारेकरी खालचा रबरी वायसर.

ट्रॅप सोडा (खाली बादली हवी, आत पाणी उभं असतं), मोठा नट काढा, जाळी वरून उचला. जुन्या पुट्टीचा कडक लगदा लालसर किंवा पांढरा असेल तर त्यात शिसं असण्याची शक्यता धरून चाला. हातमोजे घाला, ओला करून खरवडा, धूळ उडू देऊ नका. नवा वायसर घेताना जुना नमुन्याला न्या, कारण बेसिनच्या जाळ्या बऱ्याचदा सव्वा इंची असतात आणि स्वयंपाकघरातल्या दीड इंची, त्यात हमखास गल्लत होते. वर पुट्टी, खाली वायसर, आट्यांवर टेफ्लॉन टेप. नट हाताने घट्ट करून पान्याने जेमतेम पाव फेरा द्या. जास्त जोर लावला तर चिनी माती तडकते आणि मग खरंच नवीन बेसिन घ्यावं लागतं.

हिशेबी:
नळाकडे दुर्लक्ष नको. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४००. चार थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी २१ लिटरच्या वर पाणी वाया.

चिनीमाती:
नळाचं मी सांगते. पाणी वरून बंद करा, नळ उघडून पाइप रिकामा करा. बूच लावा आणि बेसिनमध्ये जाड टॉवेल अंथरा, म्हणजे स्क्रू नळीत जाणार नाही आणि हातातून निसटलेल्या पान्याने टवका उडणार नाही. मुठीच्या टोपीखाली स्क्रू असतो. क्षाराने धरला असेल तर आधी नळाच्या एका कोपऱ्यात व्हिनेगर लावून बघा. चकाकी टिकली तर फडकं भिजवून थोडा वेळ गुंडाळा आणि लगेच धुवा.

मुठीखालचा मोठा नट फिरवण्याआधी नळ अर्धा उघडा ठेवा, आणि नळाचं अंग दुसऱ्या हाताने घट्ट धरा. अंगासकट फिरला तर खाली बेसिनवर ताण येतो. पान्याच्या जबड्याला कापड गुंडाळा. स्पिंडल (मुठीबरोबर फिरणारा आतला दांडा) बाहेर आला की टोकाला रबरी वायसर दिसेल. त्यावर गोल खोबण पडली असेल तर चोर सापडला. दुकान बंद असेल तर तोच वायसर उलटा करून बसवा, काही दिवस निभावतं. मग आतल्या पितळी बैठकीवर (वायसर टेकतो ती कड) बोट फिरवा. खरखरीत लागली तर नवा वायसरही लवकर कापला जाईल. ती घासायचं छोटं हत्यार मिळतं, पण एका नळासाठी विकत घेऊ नका, कुणाकडून तरी मागून आणा.

झटपट_उपाय:
पाव फेऱ्यात बंद होणारा सिरॅमिक स्पिंडल टाका की, वायसरची कटकटच संपली.

चिनीमाती:
चांगला असतो, पण जुन्या नळांचे आटे आणि लांबी जुळेलच असं नाही. आणि वायसर त्याच्या मानाने फुकटच म्हणायचा.

जुनंतेसोनं:
खालचं गळणं थांबलं! नळाचा वायसर बदलला, तोंडाशी ठिबकत नाही. पण आता नळ उघडला की मुठीखालून पाणी पाझरतं. हे आधी नव्हतं.

पानापक्कड:
स्पिंडल हलवल्यावर त्याच्याभोवतीचं जुनं वाळलेलं पॅकिंग (पाणी अडवणारी भर) सैल होतं, घाबरू नका. मुठीखालचा छोटा नट किंचित आवळा. मूठ जड फिरायला लागली तर थांबा. तरीही पाझरलं तर पाणी बंद करून तो नट वर सरकवा, टेफ्लॉन टेपचा पीळ देऊन दोरा करा, नळाचं ग्रीस चोळा, स्पिंडलभोवती दोन-तीन वेढे घालून दाबा आणि नट परत बसवा. पूर्वी हेच काम ग्रीस लावलेल्या सुतळीने करायचे.

जुनंतेसोनं:
नट आवळूनच भागलं. आता उजव्या नळाचा वायसरही बदलून टाकतो, हत्यारं बाहेर आहेतच. बादली मात्र आठवडाभर तिथेच राहू देतो.