यो-योवर सही आहे म्हणून दुप्पट पैसे द्यावेत का?

ठाणेकर_दोरीवाला

नमस्कार मंडळी. वय ४१, चार वर्षांपासून यो-यो खेळतो. हसून घ्या, मग वाचा.

बंगळुरूच्या एका मुलाकडे यो-योफॅक्टरी कंपनीचा निळा 'शटर' यो-यो विकायला आहे. वापरलेला, पण बेअरिंग छान फिरतंय, कडेला दोन बारीक टवके. असा शटर मला एरवी अडीच हजारांत मिळाला असता. हा साडेपाच मागतोय, कारण एका बाजूवर काळ्या मार्करनं जेंट्री स्टाइनची सही आहे. शटर हे त्याच्याच नावाचं मॉडेल, आणि २०१४ मध्ये प्रागला तो वन-ए प्रकारात (एकच यो-यो, दोरीवरच्या करामती) विश्वविजेता झाला, हे इथं सांगायला नकोच. सही कुठे घेतली असं विचारलं तर मुलगा म्हणतो, "मला एका मित्राकडून मिळाला."

बायको म्हणते, सही चेकवर असेल तर तिला किंमत. तुम्हाला काय वाटतं? आणि घेतलाच, तर खेळायचा की कपाटात ठेवायचा?

पेठेतला_भोवरा

वहिनींना माझा नमस्कार सांगा. मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच सह्या जुळवण्यात. काउंटरवर चेक आला की आम्ही नमुना सहीचं कार्ड काढायचो. तुमच्याकडे नमुना कुठला आहे? इंटरनेटवरचा फोटो? माणूस टेबलाशी बसून कागदावर करतो ती सही वेगळी, आणि गर्दीत उभ्यानं, गोल घसरत्या धातूवर जाड मार्करनं करतो ती वेगळी. खरी सहीसुद्धा तिथं जुळायची नाही. त्यामुळे मी सहीकडे शेवटी बघतो. आधी बघतो ती सही करतानाचा फोटो, स्पर्धेचा बिल्ला, तेव्हाचा एखादा मेसेज. यातलं काहीच नसेल तर माझ्या लेखी तो अडीच हजारांचा शटर, वर काळी रेघ.

सहीमुळे भाव चढतो का? चढतो, आणि कसा! १६ मार्च १९७४. अमेरिकेत नॅशव्हिलमध्ये ग्रँड ओल ऑप्री या गाण्यांच्या कार्यक्रमाच्या नव्या वास्तूचं उद्घाटन होतं. रॉय अ‍ॅकफ हा कंट्री गायक तिथला जुना मानकरी, स्टेजवर यो-यो फिरवायची त्याची सवय. त्यानं तो राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या हातात दिला. वॉटरगेटनं निक्सनच्या नाकी नऊ आले होते, पाच महिन्यांत खुर्चीही जायची होती, आणि हा गडी हजारोंसमोर दोरीशी झटापट करत होता. त्या यो-योवर निक्सनची सही आहे. अ‍ॅकफ गेल्यावर लिलावात त्याला १६ हजार डॉलरच्या वर किंमत आली. पण ते पैसे नुसत्या सहीचे नाहीत हो. निक्सननं आयुष्यात कमी कागदांवर सह्या केल्या का? तो यो-यो, ती संध्याकाळ आणि ती सही, तिन्ही एकाच जागी सापडली, आणि बघायला अख्खं सभागृह होतं.

आता माझी फजिती. माझ्याकडे एका जपानी खेळाडूची सही असलेला यो-यो होता, सही घेतानाच्या फोटोसकट. विकायला काढला. पहिल्याच गिऱ्हाइकानं, विशीतल्या पोरानं, विचारलं, "काका, सही पुसून मिळेल का? मला खेळायला हवाय." खेळणाऱ्याला ती सही म्हणजे डाग. जमवणारा मिळेपर्यंत चौदा महिने थांबलो, आणि मिळाले किती? बिनसहीच्या भावावर आठशे रुपये.

सही वाचवायला वरून वॉर्निश मारा असं कोणी सुचवेल. ऐकू नका. त्यातल्या द्रावणानं शाई फुटते. उन्हातही ठेवू नका, मार्कर बघता बघता फिका पडतो. आणि खेळाल तर महिन्याभरात बोटांचा घाम आणि दोरीचं घासणं मिळून ती साफ करतील.

कोल्हापूरची_बॅट

यो-योतलं कळत नाही, पण बॅटी जमवतो म्हणून लिहितो. नाव मोठं म्हणजे भाव मोठा असं नसतं भावा. ब्रॅडमननं म्हातारपणापर्यंत टपालानं आलेल्या ढिगाऱ्यावर सह्या केल्या. त्यामुळे नुसती त्याची सही काही दुर्मिळ वस्तू नाही, कशावर आहे ते बघतात. आमच्या गल्लीत एकाकडे छापील सहीची बॅट होती. त्यानं दोन वर्षं आम्हाला हातसुद्धा लावू दिला नाही. खेळाडूनं स्वतः केलीय म्हणायचा. मग शेजारच्या गल्लीत तशीच दुसरी निघाली, अक्षराचं वळणसुद्धा तेच.

एक विचारतो, सहीच्या वर कुणाचं नाव आहे का? "अमक्याला सप्रेम" असलं की भाव खाली येतो. दुसऱ्याच्या नावाची भेट कोण घेणार?

पेठेतला_भोवरा

बॅटवाले बरोबर बोलले. सहीच्या वरचं नाव अ‍ॅकफसारख्या नामवंताचं असेल तर मात्र उलटं, भाव चढतो.

सहीवरून आठवलं. लाकडी यो-योच्या काळात डंकन कंपनीचे फिलिपिनो प्रात्यक्षिकवाले अमेरिकेत गावोगावी, दुकानांच्या दारात उभे राहून खेळ दाखवायचे आणि पोरांच्या यो-योवर चाकूनं नारळाचं झाड नि त्या पोराचं नाव कोरून द्यायचे. कोरणाऱ्याचं नाव बहुतेकदा कुणालाच ठाऊक नसतं. तरी जमवणारे आज असे यो-यो आवर्जून शोधतात, आणि त्यावरचं पोराचं नाव कुणाला खुपत नाही. चाकूची खूण स्पिरिटनं पुसता येत नाही, हेही एक.

अंगठी_बोटातली

मी वेगळं सांगते. माझ्या शटरवर सही आहे, मी स्वतः रांगेत उभी राहून घेतलेली. रोज खेळते. अर्धी गेली. विकायचा नाहीये, मग भावाची चिंता कशाला? पण दादा, दुसऱ्यानं घेतलेल्या सहीला तीन हजार देऊ नका. तुमच्या हातात त्यातलं काय येणार?

ठाणेकर_दोरीवाला

सगळ्यांचे आभार. बॅटवाल्यांच्या प्रश्नावरून त्या मुलाकडे उजेडात, तिरका धरून काढलेला फोटो मागवला. सहीच्या वर बोटभर पट्टा बाकीच्यापेक्षा गुळगुळीत, चकचकीत आहे. नीट पाहिलं तर त्यात एक पुसट 'आर' आणि शेवटी 'एन' दिसतो. कुणीतरी स्पिरिटचा बोळा फिरवलाय. मुलाला विचारलं तर म्हणाला, "आला तेव्हापासून तसाच आहे," आणि लगेच चार हजारांवर आला.

मी अडीच सांगितलेत. अजून उत्तर नाही. बायको विचारते, तो 'आर'वाला बिचारा आता कुठे असेल.