हीथ्रो ते जेएफके: अटलांटिक ओलांडण्याचा आराखडा तपासून हवा

सागरपार:
नमस्कार मंडळी. सिम्युलेटरवर लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके करायचं आहे. विमान बोईंग ७८७-९, इंधनाशिवायचं वजन १६५ टन, मोसम हिवाळ्याचा. सरळ महावर्तुळाचा (पृथ्वीच्या गोलावरचा सर्वांत जवळचा) मार्ग सुमारे ३,००० नॉटिकल मैलांचा येतो. तोच धरू का? इंधन किती? आणि समुद्रावरचा टप्पा एफएमसीमध्ये (विमानाच्या मार्ग-संगणकात) भरताना काय सांभाळायचं?

वाराबघ्या:
सरळ रेषा धरू नका. पश्चिमेकडे जाताना अंतर नव्हे, वारा पाहायचा. ७८७ माक ०.८५ ला (ध्वनीच्या वेगाच्या ८५ टक्क्यांना) साधारण ४९० नॉटची हवाई गती देतं. ३,००० मैलांच्या मार्गावर सरासरी १०० नॉटचा समोरचा वारा असेल तर पावणेआठ तास लागतील. उत्तरेकडून वळसा घेऊन मार्ग ३,१०० मैलांचा झाला, पण वारा ६० नॉटवर आला, तर सव्वासात तासांत काम होतं. ८ फेब्रुवारी २०२० च्या रात्री कियारा वादळाच्या वाऱ्यावर एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं होतं. तुम्ही त्याच वाऱ्याच्या तोंडावर निघणार आहात, हे लक्षात घ्या.

म्हणून त्या दिवसाचे नॉर्थ अटलांटिक ट्रॅक (वाऱ्यानुसार रोज नव्याने आखले जाणारे मार्ग) आधी बघा. पश्चिमेकडचे दिवसाचे ट्रॅक शानविक (ब्रिटन-आयर्लंडचं महासागरी नियंत्रण केंद्र) जाहीर करतं, पूर्वेकडचे रात्रीचे गँडर (कॅनडाचं). पश्चिमेकडचे ३० अंश पश्चिम रेखांशावर ११:३० ते १९:०० यूटीसी (हिवाळ्यात लंडनचीच वेळ) या वेळेतच लागू असतात. हीथ्रोहून तिथे पोहोचायला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात, म्हणजे १० वाजता उड्डाण केलंत तर ट्रॅक मिळेल; संध्याकाळी ५ ला निघालात तर स्वतःचा मार्ग आखावा लागेल. ट्रॅक संदेशावरचा टीएमआय क्रमांक म्हणजे वर्षातला कितवा दिवस तो आकडा. १५ जानेवारीला ०१५ दिसलं नाही तर तुमच्या हातात शिळा संदेश आहे.

टाकीभर:
इंधनाचा हिशेब असा मांडा. सव्वासात तास, ताशी सरासरी ५.३ टन, म्हणजे प्रवासाला ३८.५ टन. त्यावर ५ टक्के आकस्मिक, सुमारे १.९. पर्यायी विमानतळ बोस्टन धरलात तर ३ टन. शेवटचा ३० मिनिटांचा राखीव साठा २.२. टॅक्सीला अर्धा टन. बेरीज ४६ च्या थोडी वर. जेएफकेला दुपारनंतर होल्डिंग (उतरण्याआधी हवेत घिरट्या) होतंच, त्यासाठी २ टन वेगळे घ्या.

‘असू दे जास्त’ म्हणून दहा टन मात्र भरू नका. एवढ्या लांब पल्ल्यावर जास्तीच्या प्रत्येक टनामागे दोन-अडीचशे किलो इंधन तो टन वाहण्यातच जळतं, शिवाय सुरुवातीची उंची कमी मिळते. उतरतानाची वजनमर्यादा १९२.७ टन आहे. तुमच्या वजनाला ती आड येणार नाही, पण भरलेल्या विमानाला येऊ शकते.

अक्षांश:
एफएमसीबद्दल. खरी चूक इथेच होते. ५० उत्तर, २० पश्चिम हा बिंदू ‘५०२०एन’ असा लिहितात. ‘एन५०२०’ लिहिलंत तर तो ५० अंश ३० मिनिटं होतो. एक अक्षर पुढेमागे आणि तुम्ही ३० मैल उत्तरेला, कदाचित शेजारच्या ट्रॅकवर. म्हणूनच अर्ध्या अंशासाठी सुरुवातीला ‘एच’ लावायची शिफारस आहे.

आणि ही चूक अंतर तपासून सापडत नाही! ५० अक्षांशावर १० रेखांशांचं अंतर सुमारे ३८६ मैल. टोकाचा बिंदू अर्धा अंश वर सरकला तरी फरक जेमतेम मैलभराचा. दिशा मात्र चार-साडेचार अंशांनी बदलते. सरळ ५० वरून ५० वर जाताना खरी दिशा २७४ च्या आसपास हवी. २७८ दिसली की थांबा. प्रत्येक बिंदूचे पूर्ण अक्षांश-रेखांश उघडून वाचा, मग दिशा आराखड्याशी जुळवा. बिंदू ओलांडल्यावर दहा मिनिटांनी नकाशावर स्थान टाकून पुन्हा बघा.

ट्रॅकपासून बाजूला सरकायचं असेल तर उजवीकडेच, जास्तीत जास्त २ मैल. डावीकडे कधीच नाही. महासागरी हद्दीत शिरल्यावर थोड्या वेळाने ट्रान्सपॉन्डरचा (रडारला ओळख देणाऱ्या यंत्राचा) कोड २०००.

सागरपार:
मनापासून आभार. ईटॉप्ससाठी (दोन इंजिनांच्या विमानाला वाटेत अडचण आल्यास गाठायचे विमानतळ ठरवण्याचा नियम) आयर्लंडचं शॅनन आणि कॅनडाचं गँडर धरले आहेत. समान वेळेचा बिंदू (जिथून दोन्हीकडे जायला सारखाच वेळ लागतो) बरोबर मध्यावर ठेवू ना?

वाराबघ्या:
नाही. वारा जिकडून येतो, त्या बाजूला तो सरकतो. शॅनन-गँडर अंतर सुमारे १,७१५ मैल. एका इंजिनावरची हवाई गती ४०० आणि समोरचा वारा ६० धरला तर पुढे ३४०, मागे ४६०. बिंदू शॅननपासून ९८६ मैलांवर येतो, मध्यापासून जवळजवळ १३० मैल पश्चिमेला. पण केबिनमधला हवेचा दाब गेल्याची स्थिती मोजताना १०,००० फुटांवरचा वारा घ्या, क्रूझच्या उंचीचा नव्हे. तिथे वारा वेगळा, इंधनाची खपतही खूप जास्त. हिवाळ्यात गँडरचा अंदाज बर्फाचा असेल तर गूझ बे किंवा सेंट जॉन्सचाही बघून ठेवा, आणि तो तुम्ही तिथे पोहोचू शकाल त्या वेळेचा हवा, निघतानाचा नव्हे.

टाकीभर:
परतीला एक बदल: अमेरिकेत जेट ए भरतात, त्याचा गोठणबिंदू उणे ४०, लंडनच्या जेट ए-१ चा उणे ४७. उत्तरेच्या थंड हवेत टाकीचं तापमान तासातासाला पाहा. मर्यादेच्या जवळ आलं तर आधी वेग थोडा वाढवा, त्याने भागलं नाही तर खालची उंची मागा.