स्पीकरच्या वायरी फरशीवरून उचलायच्यात, स्वस्तात काय जमेल?

सिडकोकर:
मंडळी, हॉलमध्ये दोन टॉवर स्पीकर आहेत, लांबचा अँपपासून (ॲम्प्लिफायर) ५ मीटरवर, वायर फरशीवरच पडलेली असते. फरशी पुसताना आईचा मॉप रोज त्यात अडकतो, परवा तर ओढाओढीत डावा स्पीकर मुकाच झाला, बघतो तर मागची तार निघून लोंबकळतेय, वर बोलणी खाल्ली ती वेगळीच. ऑनलाइन चिनी मातीचे रायझर, म्हणजे वायर फरशीवरून उचलून धरणारे ठोकळे, बघितले आणि किंमत बघून गपचूप टॅब बंद केला. भाड्याचं घर आहे, ड्रिल मारता येत नाही. घरच्या घरी काही जुगाड? आणि वायर उचलली की आवाज सुधारतो म्हणतात, खरंय का?

गोदाकाठ:
आवाजाचं डोक्यातून काढून टाक. फरशी-कार्पेटमुळे कपॅसिटन्स (दोन तारांमध्ये विद्युतभार साठण्याची क्षमता, ती फार वाढली की वरचे सूर गळतात) वाढते म्हणतात, पण साध्या टू-कोर वायरची मीटरला फार तर १०० पिकोफॅरड धर, म्हणजे ५ मीटरला ५००, तिचा अडथळा २० किलोहर्ट्झला, म्हणजे ऐकू येणाऱ्या सगळ्यात वरच्या सुरालासुद्धा, सोळा हजार ओम भरतो आणि समोर स्पीकर ८ ओमचा, म्हणजे तिच्यातून गळणार जवळजवळ शून्य, काय फरक पडणारे? पैसे घालायचेच तर दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत घाल. आणि हो, निघालेली तार परत लावताना एकही केस बाहेर ठेवू नको, प्लस-मायनस चिकटले तर अँप जाऊ शकतो.

भंगारप्रेमी:
मी दोन इंची पीव्हीसी पाइपचे उरलेले तुकडे प्लंबरकडून आणले, तीन-तीन इंचाचे कापले, वरून हॅक्सॉने खाच पाडली. आधी एक इंचीचे केले होते, ते नुसता वारा लागला तरी आडवे. मग आत पीओपी ओतलं, आता हलत नाहीत. दर दोन फुटाला एक ठेव, नाहीतर मधे वायर झोळीसारखी लोंबते. आणि हौसच असेल तर पंचवटीत कुठे जुना वाडा पाडताना दिसला की बघून ठेव, जुन्या वायरिंगच्या चिनी मातीच्या क्लीट (भिंतीवर वायर धरून ठेवायच्या पट्ट्या) निघतात, खाचा आधीच पाडलेल्या, लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवल्या की झाले तुझे ते महागडे रायझर. विचारून घे मात्र, भंगारवाला आधीच डोळा ठेवून असतो.

मॉपपीडित:
अरे पण अडकतोय मॉप ना, मग फरशीवर अजून दहा ठोकळे मांडून काय होणार, काकू तेही रोज उचलून ठेवणार का? स्कर्टिंगच्या टाइलला चिकटणाऱ्या क्लिप लाव, घर सोडताना हेअर ड्रायरने गरम केल्या की निघतात. स्पीकरमागे थोडी वायर सैल सोड आणि स्पीकरच्या पायाला झिप टायने बांध, म्हणजे ओढ बसली तरी टर्मिनलवर (मागे तार लावतो तिथे) येणार नाही. सबवूफर असेल तर त्याची आरसीए केबल (अँपकडून सिग्नल आणणारी) पॉवरच्या वायरीला चिकटवून नेऊ नको, ५० हर्ट्झची गुणगुण येते, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांड.

सिडकोकर:
क्लिप आणल्या, स्कर्टिंगवरचं काम झालं. पीओपीवाले दोन केले होते हौसेने, एकात आईने अगरबत्त्या खोचल्यात. आता फक्त बाल्कनीच्या दारातला तुकडा राहिलाय.

मॉपपीडित:
चौकटीवरून फिरव, वायर जेवढी वाढेल तेवढी आधी मोजून घे.