ईबेच्या लिलावांची सीएसव्ही फाईल: बारा आकडी नंबर आणि ½ चा घोळ

प्रथमदिवस, नाशिक

नमस्कार मंडळी. मामांनी जमवलेली तिकिटं आणि फर्स्ट डे कव्हरं (तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का असलेली पाकिटं) मी ईबे या ऑनलाइन बाजाराच्या अमेरिकेच्या साइटवर लिलावाला लावतो. नोंदी आता दोनशेच्या वर गेल्यात, एकेक उघडून बदलत बसणं जमत नाही. म्हणून सेलर हब म्हणजे ईबेचं विक्रेत्यांचं पान, त्याच्या रिपोर्ट्समधून चालू लिलावांची फाईल उतरवली, स्प्रेडशीटमध्ये उघडून सुरुवातीची किंमत आणि कस्टम लेबल (माझी स्वतःची खूण) बदललं, आणि अ‍ॅक्शनच्या कॉलममध्ये ‘रिव्हाइज’, म्हणजे नोंद बदला, असं लिहून परत चढवली. एकही ओळ लागली नाही. सगळीकडे फेल्युअर.

नीट पाहिलं तर आयटम नंबर सगळ्यांचा एकच: १.७५ई+११. लेबल मी अल्बम आणि पान असं लिहितो, म्हणजे ४-१२ हा चौथा अल्बम, बारावं पान. त्याचं झालंय ०४-डिसेंबर. आणि १९४७ च्या ‘जय हिंद’ तिकिटाच्या शीर्षकात ३½ आणे आहे, तिथे ½ च्या अलीकडे डोक्यावर टोपी असलेलं इंग्रजी ए येऊन बसलंय. मुळात फाईलच खराब येते का?

टपालवाली, सांगली

फाईल चांगलीच येते. उघडताना बिघडते, आणि सेव्ह केलं की बिघाड पक्का होतो. खात्री करायची तर तीच फाईल पुन्हा उतरवून साध्या नोटपॅडमध्ये उघडा. बाराच्या बारा आकडे जागेवर दिसतील.

सीएसव्ही म्हणजे नुसता मजकूर. कुठला कॉलम आकड्यांचा, कुठला तारखेचा, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. डबल क्लिक केलंत की एक्सेल ते स्वतःच्या मनाने ठरवतं. त्याचा जनरल सेल अकरा आकड्यांपर्यंत नंबर सरळ दाखवतो. ईबेचा आयटम नंबर बारा आकडी. एका आकड्याने घात! आणि सीएसव्हीत सेव्ह करताना सेलमध्ये जे दिसतं तेच लिहिलं जातं, आत दडलेला खरा नंबर नाही. म्हणजे तुमचे सगळे लिलाव १७५ आणि पुढे नऊ शून्यं झाले. असा लिलाव तुमच्या खात्यात नाहीच, मग रिव्हाइज कशाला करणार? सेव्ह झालेल्या फाईलमधून ते आकडे परत मिळत नाहीत, कॉलम कितीही रुंद करा. टाकून द्या ती.

½ ची भानगड वेगळी. फाईल यूटीएफ-८ मध्ये आहे, म्हणजे अक्षरं साठवायच्या आजच्या पद्धतीत, तिथे ½ ला दोन बाइट लागतात. जुन्या विंडोज पद्धतीने वाचली की पहिल्या बाइटचं ते टोपीवालं ए होतं. हे दिसलं की समजायचं, फाईल बरोबर आहे, वाचणारा चुकतोय. उलट ½ च्या जागी काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह आलं तर फाईल जुन्या पद्धतीने सेव्ह झालीय. आणे-पैशांच्या तिकिटांना हा त्रास असणारच. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्यानंतरच्या मालाला शीर्षकात ½ क्वचितच लागतो. वर्णनात देवनागरी लिहीत असाल तर मात्र सावध राहा, साध्या ‘सीएसव्ही’ पर्यायाने सेव्ह केलं की तिची सरळ प्रश्नचिन्हं होतात. एक्सेलच वापरायचं असेल तर यादीतला ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडायचा.

मी लिब्रेऑफिस कॅल्क वापरते. फुकट आहे, आणि मुख्य म्हणजे उघडायच्या आधी विचारतं. त्या खिडकीत कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ करा, सेपरेटर फक्त कॉमा ठेवा, मग सगळे कॉलम निवडून प्रकार ‘टेक्स्ट’ करा. पुढे सेव्ह करताना फिल्टर सेटिंग्ज बदलण्यावर खूण करून सगळे टेक्स्ट सेल अवतरणात घ्यायला सांगा. वर्णनात कॉमा असतोच, अवतरण नसेल तर अर्धं वर्णन शेजारच्या कॉलममध्ये जातं.

लेबल बदलाच. आज तुमच्याकडे नीट राहील, उद्या भाच्याने त्याच्या लॅपटॉपवर उघडलं की पुन्हा डिसेंबर. आधी एक अक्षर लावा, एल४-१२ असं. फक्त दोन आकड्यांच्या मध्ये ई नको, ४ई१२ ची परत दहाच्या घातातली संख्या होते.

आणि रिव्हाइजला अख्खी फाईल चढवू नका. अ‍ॅक्शन, आयटम नंबर, लेबल, किंमत, एवढेच कॉलम ठेवा. जे बदलायचं नाही ते फाईलीत असूच नये. अ‍ॅक्शनच्या शीर्षकात कंसात साइट, देश, चलन आणि आवृत्ती असते, ती सुटसुटीत करायचा मोह होतो. हात लावू नका. ‘#’ ने सुरू होणाऱ्या वरच्या ओळींनाही नाही.

कोडवाला, पुणे

पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहून, पँडास लायब्ररीने वाचताना डीटाइप स्ट्रिंग दिलं, म्हणजे सगळं मजकूर म्हणूनच वाच असं सांगितलं, की चार ओळींत काम होतं. स्प्रेडशीट हवीच कशाला?

टपालवाली, सांगली

किंमत ठरवताना मला तिकिटाचा फोटो शेजारी आणि आकडे समोर लागतात म्हणून. तुमचं बरोबर आहे, पण ते ज्याला येतं तो असला प्रश्न विचारतच नाही.

प्रथमदिवस, नाशिक

ताई, खूप आभार. कॅल्कने केलं, बहुतेक ओळींपुढे सक्सेस आलं. काही अजून फेल्युअर आहेत, आणि नंबर तर बरोबर आहेत. नवीन नोंदी चढवायच्या आधी तपासून बघायची काही सोय आहे का? शिवाय मामांच्या डब्यात शिवराई आणि थोडे राणी छापाचे रुपये आहेत. तेही याच फाईलीतून टाकीन म्हणतो.

टपालवाली, सांगली

फेल्युअर ओळींपुढचा एरर मेसेज वाचा, लोक नुसतं लाल बघून फाईल बंद करतात. माझा अंदाज, त्या लिलावांवर बोली लागलीय किंवा संपायला बारा तासांहून कमी उरलेत. मग शीर्षक, किंमत वगैरे बदलता येत नाही, फाईलीतून नाही आणि साइटवरूनही नाही. बोली लागली असेल तर किंमत बदलायची तरी कशाला? आनंद माना.

नव्या नोंदींना ‘अ‍ॅड’ ऐवजी आधी ‘व्हेरिफाय अ‍ॅड’ लिहा. नोंद न लावता फक्त चुका सांगतं. शीर्षक ८० अक्षरांच्या वर जाणं हे नेहमीचं. फोटोंचे पत्ते एकाच सेलमध्ये, मध्ये | अशी उभी रेघ.

लिलाव संपण्याची वेळही बघा. तुम्ही दुपारी जेवून फाईल चढवलीत तर सात दिवसांनी तो तिकडे मध्यरात्री संपतो, गिऱ्हाईक झोपलेलं. कॅलिफोर्नियात रविवारी संध्याकाळी सहा वाजतात तेव्हा त्यांच्या उन्हाळ्यात आपल्याकडे सोमवारचे सकाळचे साडेसहा असतात. सात दिवसांचा लिलाव सुरू होतो त्याच वेळी संपतो, म्हणून सुरू व्हायची वेळ तशी ठरवा. ती शेड्यूल टाइमच्या कॉलममध्ये ग्रीनिच वेळेने लिहायची, म्हणजे सोमवारी ०१:००. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने. हाही कॉलम टेक्स्टच ठेवा, नाहीतर तारीख आपल्या पद्धतीने उलटी होते.

नाण्यांचं नाणेघाट सांगतील.

नाणेघाट, जुन्नर

शिवराई अजिबात टाकू नका. पुरावस्तू आणि कलासंपदा कायदा, १९७२. शंभर वर्षं किंवा जास्त जुनं नाणं पुरावस्तूत येतं, आणि ते देशाबाहेर पाठवायचा अधिकार केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेलाच आहे. व्हिक्टोरियाचा १८६२ चा रुपया पण त्यातच. साइट नोंद घेईल, बोली येईल, पैसेही येतील, आणि पार्सल कस्टम्समध्ये अडकेल. ही मर्यादा दरवर्षी एक वर्ष पुढे सरकते, तेव्हा पाचव्या जॉर्जची नाणी साल बघूनच हातात घ्या. विकायचीच असतील तर देशातल्या देशात.

फाईलीत सालाचा वेगळा कॉलम ठेवा आणि त्यावरून गाळणी लावा. ईबेला तो नको असतो, चढवायच्या आधी काढून टाकायचा.

प्रथमदिवस, नाशिक

बरं झालं विचारलं. नाणी मामांच्या डब्यातच राहू देतो. त्या फेल्युअर ओळींवर खरंच बोली लागलेली होती, ‘जय हिंद’वर तर तिघांची.