मदत हवी आहे: बागेत कोजागिरी करायची आहे, परवानगी कुणाकडे मागायची?

सकाळची_फेरी:
आमच्या सकाळी फिरणाऱ्यांच्या ग्रुपनं यंदा बागेत कोजागिरी करायचं ठरवलंय. दरवर्षी कुणाच्या तरी गच्चीवर व्हायची, आता माणसं मावेनात. माळीमामा म्हणतात, साहेबांची चिठ्ठी आणा. साहेब कोण, हे त्यांनाही सांगता येईना. काल एका कचेरीत गेले, तिथून दुसरीकडे पाठवलं. तिथला माणूस जेवायला गेला होता, तो साडेचारपर्यंत जेवतच होता. रविवार आलाच. परवानगी कुणाची लागते आणि पैसे किती भरायचे, एवढंच सांगा. कोजागिरीचं महत्त्व सांगू नका, ते माहीत आहे.

निवृत्त_कारकून:
कुठली बाग ते लिहिलंच नाही तुम्ही. बेळगावात सगळ्या बागा एकाच मालकाच्या नाहीत. महानगरपालिकेच्या वेगळ्या, बागायत खात्याच्या वेगळ्या, कॅम्पात असेल तर कँटोन्मेंट बोर्ड. व्हॅक्सिन डेपोत करणार असाल तर ती जागा आरोग्य खात्याची. आधी मालक शोधा, मग साहेब सापडेल.

शहापूरची_अक्का:
किती माणसं आहेत? साठ धरली तर पंधरा लिटर म्हशीचं दूध लागतंय. दहा लिटर होईपर्यंत आटवायचं, म्हणजे माणशी एक वाटी पुरतंय. साखर आटत आल्यावरच घाला, आधी घातली तर खाली लागतंय. केशर नसलं तरी चालतंय, जायफळ विसरू नका. आणि पिशवीतलं दूध नको बाई, त्याला साय धरत नाही.

सकाळची_फेरी:
अक्का, दुधाचं मी विचारलंच नाही :( ते आमच्याकडे करणाऱ्या चौघीजणी आहेत आणि चौघींचं आपसात पटत नाही, आणखी पाचवी नको. बागेचं नाव इथं लिहीत नाही. माळीमामा गरीब आहेत, उद्या कुणी त्यांना बोललं तर? महानगरपालिकेचीच आहे, फाटकावरच्या पाटीवर तसं लिहिलंय.

गोवावेस_गाडी:
कसली परवानगी आणि काय. जाऊन बसायचं की! आम्ही दहा वर्षं करायलोय, आजवर कोण विचारलं नाही. विचारलं तर त्यालाही एक ग्लास दूध द्यायचं. संपलं.

निवृत्त_कारकून:
@गोवावेस_गाडी, तुम्ही आठ-दहा जण बसत असाल. साठ माणसं, माईक आणि शेगडी आली की तो कार्यक्रम होतो. रात्री कुणाचा पाय घसरला तर जबाबदार कोण? माळीच ना?

गोवावेस_गाडी:
माईक कोण म्हणालं? ताई म्हणाल्या काय? तुम्हीच घालायलाय.

सकाळची_फेरी:
माईक आहे हो. छोटाच, एका काकांच्या नातवाचा, ब्लूटूथवाला. गाणी म्हणणारे आहेत आमच्यात. पेटी आणि ढोलकीपण आहे. बारा वाजता चंद्र डोक्यावर आला की दूध, तोवर गाणी, असा बेत आहे. हे लिहायचं राहिलं होतं.

अनगोळची_पोर:
काकू, मग राहिलेलं हेच मुख्य आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. आणि नुसता माईक ठेवून दिला तरी सुटका नाही. २०१० च्या दुरुस्तीनं उघड्या जागेत वाद्यंसुद्धा त्यात आली, म्हणजे पेटी-ढोलकीही. सणांसाठी सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण त्यात कोजागिरी धरलेली असेलच असं नाही. दहाच्या आत माईक लावायचा तरी पोलिसांची लेखी परवानगी वेगळी लागते. बागेच्या चिठ्ठीत ती येत नाही.

गोवावेस_गाडी:
आणि शिवजयंतीला रातभर चित्ररथ चालतात तेव्हा?

अनगोळची_पोर:
तेव्हा मंडळं कितीतरी आधीपासून कागद घेऊन फिरत असतात, दादा. ती मिरवणूक आणि ही कोजागिरी एका मापात कशी मोजायची?

खानापूरचा_पाव्हणा:
एवढा घोळ कशाला, आमच्याकडं या की. खानापूरच्या अलीकडं शेत हाय, आंब्याची झाडं हायत, वीज नाही म्हणून चांदणं असं पडतंय की भाताची लोंबी न लोंबी दिसत्या. ढोलकी काय, ढोल घेऊन या. माणशी थोडंच घेतो, भाकरी-पिठलं धरून.

सकाळची_फेरी:
आमच्यात वीसेक जण सत्तरीच्या पुढचे आहेत, पाव्हणं. त्यांना रात्री बांधावरनं कोण चालवणार.

मोबाईल_आजोबा:
रविवारी कशी काय? आमच्या शेजाऱ्यांच्या कन्नड कॅलेंडरात सोमवारी शिगी हुण्णिमे, म्हणजे हीच पौर्णिमा, लिहिली आहे. पौर्णिमा एकच असते ना? तुम्ही दिवसच चुकलात, परवानगीचं नंतर बघा.

शहापूरची_अक्का:
दिवस बरोबर हाय, आजोबा. कोजागिरीला मध्यरात्री पौर्णिमा पाहिजे. रविवारी दुपारी लागून सोमवारी सकाळी संपत असली तर जागरण रविवारी, नवान्न सोमवारी. शेतातली पूजा दिवसा उजेडी करायची, म्हणून ती सोमवारी धरतात.

मोबाईल_आजोबा:
बरं बरं. शिगी हुण्णिमेवरून आठवलं, बैलहोंगलकडे आमची मावशी होती, तिच्या घरचे त्या दिवशी चक्कडी जुंपून शेतात जायचे. कडबू, भरल्या वांग्याची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी. जेवायच्या आधी चरगा, म्हणजे नैवेद्याचं अन्न, शिवारभर उडवायचा, आणि आम्ही पोरं मागनं ओरडत पळायचो. भूमातेचं डोहाळजेवणच ते. तुम्ही लोक दुधावरच थांबता.

निवृत्त_कारकून:
अवांतर पुरे. @सकाळची_फेरी, अर्ज दिलाय का?

सकाळची_फेरी:
दिलाय की, सोमवारीच. नगरसेवकांच्या नावानं.

निवृत्त_कारकून:
अहो! नगरसेवक शिफारस करतील, परवानगी कशी देतील? अर्ज आयुक्तांच्या नावानं करा, आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच शिक्का घ्या. आवक नंबर लिहून घ्या, नाहीतर शुक्रवारी ‘अर्जच आला नाही’ म्हणतील. मराठीत लिहिला तर घेत नाहीत असं नाही, पण टिपणी कन्नडमध्ये होते, म्हणून कन्नड प्रत जोडली की टेबलावर पडून राहत नाही. सोपं असतं: वर इवरिंद (कुणाकडून), इवरिगे (कुणाला), मग विषय, मान्यरे (महोदय). दिवस, वेळ कधीपासून कधीपर्यंत, माणसं किती, जाळ करणार की नाही, आणि सकाळी बाग साफ करून देऊ. पैसे किती ते तिथंच कळेल, अनामत मागितली तर पावती घ्या. आणि रविवारच्या आधीचा शनिवार चौथा आहे, कचेऱ्या बंद. दसऱ्याच्या सुट्ट्या आत्ताच संपल्यात, टेबलं भरलेली असणार. म्हणजे उद्या आणि परवा, दोनच दिवस.

गोवावेस_गाडी:
म्हणूनच म्हटलं, जाऊन बसायचं.

अनगोळची_पोर:
काकू, बाराचा हट्ट सोडा ना. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो. आठ वाजेपर्यंत झाडांच्या वर येतो, दुधात दिसतो. साडेसहाला जमा, नऊला दूध, साडेनऊला बाहेर. सत्तरीच्या लोकांना तेच बरं. ज्यांना लक्ष्मीला भेटायचंय त्यांनी बाराला आपापल्या गच्चीवर जागायचं. आणि दूध घरनं आटवून न्या, हिरवळीवर शेगडी म्हटलं की कुणीही नाहीच म्हणेल. प्लॅस्टिकचे कप नेऊ नका, २०१६ पासून कर्नाटकात बंदी आहे. स्टीलचे पेले ज्याचे त्यानं आणायचे.

शहापूरची_अक्का:
नऊला? मग ती कोजागिरी कसली, संध्याकाळचा चहा झाला तो.

सकाळची_फेरी:
अक्का, आमच्यातल्या दोन आजी नऊलाच झोपतात. मला पोरीचं पटलं. आता तो कन्नड अर्ज कोण लिहून देणार? बोलता येतं मला, लिहायला बसलं की जोडाक्षरं पोट फुगवून बसतात.

मोबाईल_आजोबा:
माझी शाळा कन्नडच. मजकूर निरोपात पाठवा, रात्री लिहून देतो. माझी एक अट आहे, जायफळ कमी घाला. झोप येते त्यानं, आणि मग कोजागर्ती कुठली.

(शुक्रवार)

सकाळची_फेरी:
मिळाली चिठ्ठी! दोन टेबलं फिरले, तिसऱ्यावर सही झाली. साडेसहा ते साडेनऊ, जाळ नाही, माईक नाही. माईकसाठी पोलिसांकडे जायला वेळच उरला नाही. काकांचा नातू रुसलाय. आजोबांच्या अर्जातलं ‘मान्यरे’ बघून तिथला माणूस म्हणाला, अक्षर कुणाचं हो हे? आणि आता इथं पाऊस पडायलाय. परतीचा. कालपासून.

गोवावेस_गाडी:
पावसाची परवानगी काढली नाही वाटतं.

खानापूरचा_पाव्हणा:
आमच्याकडंबी पडायलाय. यंदा शेताचं नको.

निवृत्त_कारकून:
रविवारपर्यंत उघडला तरी हिरवळ ओली असेल. दव वेगळंच. सतरंज्यांखाली काहीतरी घाला.

सकाळची_फेरी:
सतरंज्या आहेत. खाली घालायला ताडपत्री कुणाकडे आहे? मोठी, दोन तरी. रविवारी पाचला नेऊ, सोमवारी धुऊन परत.

शहापूरची_अक्का:
आमच्याकडं एक हाय, निळी. येताना दूध कोण आटवायलंय ते सांगून जा.